टाच माझी, विचारपूस त्यांच्याकडे

माझी टाच दुखत होती आणि तिची विचारपूस सगळे माझ्या यजमानांकडे करत होते. शेजारचे करत, यजमानांच्या बरोबरीचे फिटर करत, सुपेल्याच्या बाजारातला भाजीवालासुद्धा करे. "का बावा, वहिनीच्या पायाचं कसं काय?" मी तिथेच पिशवी धरून एका पायावर भार टाकून उभी. यजमान म्हणायचे, "आता बरं आहे." बरं कुणाला होतं, कधीपासून होतं, हे मला ऐकायला फार आवडलं असतं.

सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ निघायची. भिंत धरून वीसेक पावलं टाकली की ती जरा उतरायची आणि दुपारी स्वयंपाकघरात पुन्हा चढायची. असं वर्षभर चाललं होतं. भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा अर्धा उभा होता, अर्धा उभा राहत होता आणि आमची सेक्टरमधली क्वार्टरं नवी कोरी होती. नळ होता, वीज होती आणि पायाखाली सिमेंटची फरशी होती. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी आम्ही सारवलेल्या जमिनीवर पाटावर बसून चुलीशी सगळा स्वयंपाक करायचो. इथे कमरेएवढा ओटा होता. सिगडी ओट्यावर, म्हणून पोळ्या उभ्याने, भात उभ्याने, भांडी उभ्याने. ज्याने कुणी तो ओटा आखला त्याने आयुष्यात एक पोळी लाटली नसावी.

आमच्या ओळीतल्या निम्म्या बायका टाच धरून बसत. पण फरशीला कुणी दोष देत नव्हतं, कारण फरशीचं सगळ्यांना कौतुक होतं. त्या म्हणायच्या, "भिलाईचं पानीच वाईट." मी एकदा म्हटलं की पाणी तोंडाने पितो, मग ते टाचेत कसं उतरतं? तर मीच दीडशहाणी ठरले.

चप्पल घालून ओट्याशी उभं राहावं, इतकी साधी गोष्ट होती. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळीवर सासूबाईंचे देव होते. एकदा मी चप्पल घालून आत गेले तेव्हा सासूबाई काही ओरडल्या नाहीत. फक्त हातातली परात खाली ठेवून म्हणाल्या, "देव बसले हायेत वं तिथं. आता मी रांधू का नोको?" त्यानंतर चप्पल उंबऱ्याबाहेरच राहिली.

हे सगळं मी निभावूनही नेलं असतं. पण त्याच सुमारास आपल्याकडच्या काही मराठी मंडळींनी रिसालीच्या वाटेवर मुलांसाठी एक छोटी शाळा काढायचं ठरवलं. दोन खोल्या, एक फळा, पहिली ते तिसरी. त्यांना मॅट्रिक झालेली बाई हवी होती. आमच्या ओळीत मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. यजमानही मॅट्रिक नव्हते, हे इथे सांगून टाकते, कारण पुढे ते कामाला येईल. मला ती शाळा इतकी हवी होती की मी रात्री अंथरुणात पाढे म्हणायचे. चार वर्षं मी त्या घरात पोळ्या लाटत होते आणि माझ्या मॅट्रिकच्या दाखल्याला ट्रंकेत कसर लागत होती.

शाळेच्या मंडळातले एक वयस्क गृहस्थ घरी आले. टोपी, काठी, बोलणं गोड. मी चहा ठेवून पुन्हा आत जाताना त्यांनी माझी चाल पाहिली. मग यजमानांना म्हणाले, "बाई हुशार आहेत हो. पण लंगडतात. वर्गावर दिवसभर उभं राहावं लागतं. दिवाळीनंतर शाळा सुरू करतो आहोत, तोवर पाय नीट झाला तर बघू." मी दारामागेच होते. तीन हातांवर. हे माझ्या तोंडावर सांगायला त्यांना काय झालं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

दिवाळीला तीन महिने होते. गोळ्या झाल्या, तेल झालं, रुईचं पान ठेवून तापल्या विटेवर टाच शेकून झाली. मग यजमानांना कारखान्यात कुणीतरी दुर्गच्या एका डॉक्टरांबद्दल सांगितलं. परदेशात शिकून आलेले, हाडांचे डॉक्टर, सांध्याच्या आणि टाचेच्या दुखण्यावर नव्या तऱ्हेचं इंजेक्शन देतात. आम्ही बसने गेलो.

डॉक्टर मराठी नव्हते. हिंदी बोलायचे आणि मध्येच इंग्रजीत शिरायचे. मी टेबलावर पाय सोडून बसले होते. माझी टाच त्यांच्या हातात होती, अंगठा नेमका दुखऱ्या जागी होता, आणि त्यांनी मान वळवून यजमानांना विचारलं, "दर्द सुबह ज़्यादा होता है या शाम को?"

यजमान म्हणाले, "शाम को, सर."

मी म्हटलं, "सकाळी."

डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं देव जाणे, पण पुढचा प्रश्नही यजमानांनाच विचारला.

तरी त्या माणसाने समजावून चांगलं सांगितलं, हे कबूल करते. तळव्यात टाचेच्या हाडापासून बोटांकडे एक जाड पट्टा जातो. तो हाडाला जिथे धरून असतो तिथे माझा झिजला होता आणि शरीराने तिथली दुरुस्ती अर्ध्यावर सोडून दिली होती. ग्लुकोजचं दाट पाणी नेमक्या त्या जागी टोचायचं. त्याने तिथे मुद्दाम सूज आणायची, म्हणजे शरीर पुन्हा त्या कामाला लागतं आणि नवा पट्टा विणतं. तीन किंवा चार इंजेक्शनं, मध्ये काही आठवडे. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही, मी हमी देत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. इंजेक्शन नकोच असेल तर जाड तळाची चप्पल, पोटऱ्या ताणायचा व्यायाम आणि धीर, यानेही पुष्कळांचं बरं होतं. फक्त वेळ लागतो.

वेळ माझ्याकडे नव्हता. मी तोंड उघडायच्या आत यजमान म्हणाले, "लगा दो, सर." मला हवं तेच ते बोलले होते, आणि तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इंजेक्शनाबद्दल काय सांगू? बाळंतपणं माझी नंतर दोन झाली, पण त्या सुईची आठवण त्याहून ताजी आहे. कंपाउंडर पडद्याआड माझ्या टाचेवर कापूस दाबून उभा होता. पलीकडे डॉक्टर यजमानांना बराच वेळ काही सांगत होते, बहुतेक इंग्रजीत. मध्ये मध्ये यजमानांचं "यस सर, यस सर" ऐकू येत होतं. डोक्यावरचा पंखा घरघरत होता, माझ्या कानात रक्त ठोके देत होतं. मला दोनच शब्द कळले, ते म्हणजे "नो" आणि "स्वेलिंग."

बसमध्ये विचारलं, "काय म्हनत होते डॉक्टर?"

"आराम कर म्हनतलं."

"एवढा वेळ फक्त आराम कर?"

"आनखी काय सांगन? आराम कर म्हनतलं ना."

दुसऱ्या दिवशी टाच भाकरीसारखी फुगली. पाय खाली सोडवत नव्हता. यजमानांना माझी दया आली, आणि ती खरी होती. कारखान्यातली पाळी सुटल्यावर सुपेल्याला जाऊन त्यांनी सूज आणि दुखणं उतरवायच्या गोळ्या आणल्या. स्वतः पाण्याचा पेला आणून दिला, दिवसातून तीनदा. आमच्याकडचा नवरा बायकोला पाणी आणून देतो हे त्या काळी ओळीत बोलण्यासारखं होतं, आणि बोललं गेलंही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना राहवलं नाही. "मह्या डोयानं पाहवत नाई," म्हणाल्या, आणि गावाहून आणलेल्या पुरचुंडीतून बिबा काढला. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, आणि त्याचे ठिपके टाचेवर एकाला एक लागून दिले. त्यांचा हात फार सराईत होता. आमच्याकडे काटा मोडला तरी बिबा, टाच ठणकली तरी बिबा, कंबर धरली तरी बिबा. मी पाय पुढे केला. मला दुखत होतं आणि कुणीतरी मायेने काहीतरी करत होतं, मी कशाला नाही म्हणू? चटका बसला तेव्हा जरा बरंसुद्धा वाटलं.

बिबा उतला. दोन दिवसांत टाचेवर पाण्याचे फोड आले, ते फुटले आणि कातडी सोलून निघाली. आतली सूज वेगळी, बाहेरची जखम वेगळी. आठ दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं, त्यासाठी आम्ही दुर्गला गेलो तेव्हा मी पायाला फडकं गुंडाळलं होतं.

डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि ते रागाने लाल झाले. "ये क्या किया? मैंने कहा था न, ऊपर कुछ नहीं लगाना, सूजन की कोई गोली नहीं खाना! सूजन ही तो चाहिए थी!" माझा पाय हातात धरून ते हे सगळं यजमानांना सुनावत होते. मग म्हणाले, "आपने वाइफ को बताया नहीं था?"

आता खरं म्हणजे हा प्रश्न अगदी सोपा होता.

यजमान म्हणाले, "बताया था, सर. औरतें मानती कहाँ हैं."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी गिळल्या. ही नाही गिळवली. मी टेबलावरून तशीच खाली उतरले, सोललेली टाच फरशीला लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत ओरडले, "डॉक्टरसाहेब, मुझे किसीने कुछ नहीं बताया! पाँव मेरा है, मैं इधर बैठी हूँ, मेरे को बताओ ना! और गोली इन्होंने ही लाके दी, अपने हाथ से, पानी के साथ!"

कंपाउंडर पडद्यातून डोकावला. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. काय लावायचं नाही, काय खायचं नाही, किती चालायचं, पोटरी कशी ताणायची, घरात चप्पल का हवी. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. कातडी भरून येईपर्यंत दुसरं इंजेक्शन देता येणार नव्हतं, म्हणजे दिवाळीआधी पाय नीट होणं शक्य नव्हतं. सगळ्याला मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील.

परतताना बसमध्ये दुर्गपासून सुपेल्यापर्यंत यजमान खिडकीबाहेर बघत होते. उतरल्यावर चौकात माझ्या मागून चालत म्हणाले, "मलेच नवतं समजलं. इंग्रजीत बोलून रायला होता तो."

"मंग यस सर कावून म्हनलं?"

उत्तर मला माहीत होतं. त्यांना ही सवय कारखान्याने लावली होती. तिथली यंत्रं रशियाहून आलेली. रशियन तज्ज्ञ रशियनमध्ये सांगे, दुभाष्या त्याचं इंग्रजी करी, इंजिनीअर त्याचं हिंदी करी, आणि खाली उभे असलेले आमचे फिटर मान हलवत. समजलं नाही म्हणणारा मागे राहायचा. आधी मान हलवायची आणि मग साहेबाचे हात बघत शिकायचं. असंच शिकून त्या गड्याने कारखान्यातली अवजड यंत्रं बसवली होती, आणि ती चालतही होती. पण माझ्या टाचेत बघून शिकायला काय होतं? आणि न समजल्याची लाज झाकायला बायकोला खोटं पाडलंत ते कोणत्या तज्ज्ञाने शिकवलं? हे मी भर चौकात, सायकली आणि ट्रकांच्या गोंगाटात विचारलं. लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "अवं, मले कोनं सांगतलं असतं तं मी बिबा लावली असती का?" असं पाचसहा वेळा म्हणाल्या. लेकाकडे बघून म्हणाल्या, "तुले तोंड नवतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः देवांची फळी बाहेरच्या खोलीत हलवली आणि माझी चप्पल ओट्यापाशी आणून ठेवली.

शाळेच्या मंडळाकडे मी एकटी गेले. टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? यजमानांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, ते कारखान्यात आहेत आणि ते मॅट्रिक नाहीत. पाय दिवाळीपर्यंत बरा होणार नाही. फळा खाली उतरवून भिंतीला टेकवा, मी मुलांबरोबर सतरंजीवर बसून शिकवीन. ते म्हणाले, बाई खाली बसल्या तर मुलांना धाक कसा राहील? मी म्हटलं, माझा धाक बघायचा असेल तर घरी येऊन यजमानांना विचारा. त्यांना हसू आलं आणि माझं काम झालं.

फळा खाली उतरला. पहिले चार महिने मी बसून शिकवलं, आणि मुलांना ते इतकं आवडलं की नंतर उभी राहिले तर ती रुसली. दुसरं इंजेक्शन झालं, तिसरंही झालं. प्रत्येक वेळी आधी ठणका आणि मग थोडं थोडं कमी. उन्हाळ्यापर्यंत सकाळी भिंत न धरता चालू लागले. इंजेक्शनाने बरं झालं, चपलेने झालं, की बसून राहिल्याने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगू शकले नाहीत, आणि तसं त्यांनी मला, माझ्याकडे बघून सांगितलं.

शेवटचं इंजेक्शन होतं त्या दिवशी यजमानांची सकाळची पाळी होती, म्हणून सासूबाई बरोबर आल्या. काम झालं. मी लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत उठले. डॉक्टर आता सुधारलेले होते, समोर दिसेल त्याच्याशी बोलायचे. सासूबाई खुर्चीच्या हाताला धरून उठत होत्या. त्यांच्याकडे बघून डॉक्टरांनी विचारलं, "और माँजी, आपके पैर में क्या तकलीफ़ है?"

"उनको कुछ नहीं," मी म्हटलं. "उमर का है."

डॉक्टरांनी मान डोलावली. आम्ही बाहेर आलो, बसच्या थांब्याकडे सायकलरिक्षा केली. मी आनंदात होते. शाळेचं काहीतरी सांगत होते. अर्ध्या वाटेत सासूबाई म्हणाल्या, "तू कायले बोलली वं? मले विचारलं होतं त्यानं."

मी वळून त्यांच्या पायांकडे बघितलं.

"पंधरा वर्स झाले," त्या म्हणाल्या. "दोनीबी टाचा. म्हनून तं बिबा ठेवतो जवळ."

मी रिक्षा वळवायला सांगितली. त्या नको म्हणाल्या. घरी काम आहे, म्हणाल्या. पुढेही मी दोनतीनदा म्हटलं, चला, डॉक्टरांना दाखवू. त्या आल्या नाहीत. चार वर्षं मी त्या बाईच्या घरात एका ओट्याशी उभी होते, तिने दिलेला चटका सोसला होता, साऱ्या भिलाईवर रागावले होते, आणि तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या गोष्टीची चीड मला आजही येते, आणि ती काढायला समोर दुसरं कुणी नाही.